कोऱ्या पाण्याची रेघ

त्या कागदावर सही करायची नाही, असं शालू तायडेने ठरवलं तेव्हा तिच्या बोटांना अजून काजळी लागलेली होती.

कागद एकाच पानाचा होता. अकोल्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे वामनराव सर तो स्वतः टाइप करून तिच्या टेबलावर ठेवून गेले होते. पातूरच्या लेण्यांजवळ कातळात उगवणाऱ्या लेणीपाल्याच्या अर्काने आतड्याची वाढलेली हालचाल शांत होते, सबब लहान मुलांच्या जुलाबावर तो देण्यास हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली दोन नावं होती. सरांची सही झालेली होती. शालूची जागा रिकामी होती.

रविवारी अमरावतीला डॉक्टरांची बैठक होती. तिथे हा कागद शालूने वाचायचा आणि बैठकीने होकार दिला की पावसाळ्याच्या आत अर्काच्या बाटल्या दवाखान्यांत पोचायच्या, असं ठरलं होतं. साल १९६३, एप्रिलचा शेवटचा आठवडा. अकोल्यात दुपारी लोखंडी खुर्चीला हात लावता येत नव्हता.

हा प्रयोग कसा करतात ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

उंदराच्या आतड्याचा बोटभर तुकडा कोमट क्षारांच्या पाण्यात टांगून ठेवला आणि त्या पाण्यात हवेचे बुडबुडे सोडत राहिलं, तर तो तुकडा काही तास जिवंत राहतो. आकसतो, सैल पडतो, पुन्हा आकसतो. त्याला दोऱ्याने एक हलकी काडी जोडलेली असते. काडीचं टोक फिरत्या ड्रमला टेकतं. ड्रमवर गुळगुळीत कागद गुंडाळून तो रॉकेलच्या धुरावर धरून काळा केलेला असतो. तुकडा हलला की काडी हलते, काजळी खरवडली जाते आणि काळ्यावर पांढरी लाट उमटते. मग त्या पाण्यात पाल्याचा अर्क थेंब थेंब सोडायचा आणि लाटेकडे बघत बसायचं. लाट तशीच राहिली तर पाल्याने काही केलं नाही. लाट बसली, सपाट झाली, तर आतडं शांत झालं.

सरांच्या हाताखाली, तात्पुरत्या नेमणुकीवर, शालू हे काम जानेवारीपासून करत होती. पाले एकूण सात. प्रत्येक पाला वाळवायचा, कुटायचा, बाटलीतल्या शुद्ध पाण्यात उकळायचा आणि आठ वाट्यांची एक वाटी राहीपर्यंत आटवायचा. फेब्रुवारी संपेपर्यंत चार पाले झाले. चौघांनीही काही केलं नाही. मार्चमध्ये पाचवा आला, तो लेणीपाला. लाट अशी सपाट झाली, की शालू ड्रमजवळून हलली नाही. हा पाला तिच्या आत्याचा होता. पातूरला केशरबाई आत्या तो पोरांना देत असे, आणि शालूनेच सरांना त्याची गोष्ट सांगितली होती.

सहावा पाला जुन्या शहरातल्या एका हकिमांनी खोकल्यावर म्हणून दिलेला. त्यानेही लाट सपाट केली. सातवा बैलाच्या खांद्याच्या जखमेवर बांधतात तो. त्यानेही केली.

"एकाला गेलो आणि तीन मिळाले," सर म्हणाले होते.

शालूने मात्र तिन्ही कागद शेजारी शेजारी लावले. वर्गातल्या तीन मुलांच्या वह्यांत एकच उत्तर, एकाच शब्दात, एकाच खाडाखोडीसकट सापडलं तर मास्तर तिघांना हुशार म्हणत नाही. तो विचारतो, कोणाचं बघून लिहिलं? खोकल्याचा पाला, जखमेचा पाला आणि जुलाबाचा पाला एकाच अक्षरात लिहीत होते. ते कोणाचं बघून लिहीत होते?

तिघांत सारखं असं एकच होतं, ते म्हणजे पाणी.

म्हणून त्या बुधवारी तिने काहीही न घालता, नुसतं बाटलीतलं पाणी आठ वाट्यांची एक वाटी होईपर्यंत आटवलं. भांड्याच्या कडेला पांढरी खपली धरली. पाला असला की हिरव्या-काळ्या गाळात ही खपली दिसत नसे. त्या आटवलेल्या पाण्याचे थेंब तिने आतड्याच्या तुकड्यावर सोडले, आणि लाट सपाट झाली. अगदी तशीच. आत्याच्या पाल्यासारखीच.

तिने बोट बुडवून जिभेला लावलं. खारट, आणि मागून कडवट.

"काकाजी," तिने हाक मारली.

खुशालराव प्रयोगशाळेचे शिपाई. गाव अकोल्याच्या उत्तरेला, खारपाणपट्ट्यात. तिथे जमीन सोन्यासारखी आणि विहिरींचं पाणी खारट. ते रोज सहा मैल सायकल मारून येत. पाण्याची वाफ करून शुद्ध पाणी गाळायचं यंत्र चालवणं आणि बाटल्या भरणं त्यांच्याकडे होतं. त्या यंत्राला कॉलेजात सगळे भट्टी म्हणत, आणि त्यावरून खुशालरावांची थट्टाही करत.

"काकाजी, या बाटलीत पाणी कोणतं भरता तुमी?"

"पाणी म्हणजे पाणी, बाई. विहिरीचं."

"भट्टीचं नाई?"

"भट्टीचं गोडं हाय," खुशालराव म्हणाले. लहान पोराला समजावावं तसा त्यांचा सूर होता. "गोड्या पाण्यात कोनी पाला उकळते काय? गोडं पाणी प्याचं असते."

खारपाणपट्ट्यातलं हे वळण शालूला ऐकून माहीत होतं. तिथे गोड्या पाण्याचा माठ वेगळा असतो, तो पाहुण्यासाठी आणि आजाऱ्यासाठी. त्यातलं पाणी सांडलं तर पोराला मार बसतो. अशा घरात वाढलेला माणूस सहा वर्षं गोड्या पाण्याने काचेची भांडी विसळली जाताना बघत होता.

"कवापासून?"

"होळीच्या आधीपासून. माह्या घरवालीले, सुभद्राले, मुतखडा झाला ना. डाक्टर म्हने, गावचं पाणी बंद. मग भट्टीच्या दोन्ही बाटल्या मी घरी नेतो, अन इथं विहिरीचं भरतो. झाडाच्या पानाले काय जीभ हाय, बाई?"

"तुमी चाखलं नाई हे?"

"चाखलं ना. साजरं लागलं. भट्टीचंच फिक्कं लागते. सुभद्रा म्हने, हे काय आनलं, याले चवच नाई. पन तिचं दुखनं कमी झालं."

शालूला हसू आलं, पण टिकलं नाही. सहा मैलांवर एका बाईची कळ थांबली होती, आणि इथे तीन पाल्यांची तपासणी खोटी ठरली होती.

सर चार वाजता आले. शालूने त्यांच्यासमोर चार कागद ठेवले, तीन पाल्यांचे आणि एक कोऱ्या पाण्याचा. भांडंही ठेवलं. सरांनी खपली नखाने खरवडून पाहिली.

"कोऱ्या पाण्याची चाचणी जानेवारीत झाली होती," ते म्हणाले. "मी स्वतः पाहिली."

"तेव्हा पाणी भट्टीचं होतं, सर. आणि आपण ते आटवलं नव्हतं. पाला ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने कोरं पाणी जायला हवं होतं. ते आपण केलं नाही."

"नंतर करू. आधी बैठक होऊ दे. मी जूनमध्ये निवृत्त होतोय, शालू. अशी बैठक पुन्हा भरणार नाही. आणि पावसाळा कोणासाठी थांबत नाही."

"पोरंही थांबत नाहीत, सर. अर्क द्यायला लागले की आई पोराला दवाखान्यात आणायची थांबेल. बाटली घरात आहे म्हणेल."

"पाला तुझ्याच आत्याचा आहे."

"म्हणून तर."

"तुझी नेमणूक जूनपर्यंतच आहे. ती वाढवायची ती या कागदावर."

"ठाऊक आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट गृहस्थ नव्हते. वीस वर्षं ते या भागातले पाले जमवत होते, आणि वीस वर्षं लोक त्यांना पालेवाले मास्तर म्हणत होते. "मग त्या खुशालरावला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतो," ते म्हणाले.

"त्यांना सांगायचं तर मलाही सांगा. बाटलीवर 'शुद्ध पाणी' ही चिठ्ठी माझ्या अक्षरातली आहे. चाखून बघायचं काम माझं होतं. दोन महिने मी चाखलं नाही."

"तू अमरावतीला काय वाचणार?"

"झालं ते."

"मग माझं नाव त्यात नको," सर म्हणाले. त्यांनी कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. सहीची जागा तशीच रिकामी राहिली.

शुक्रवारी शालू पातूरला गेली. आत्याला हे कोणत्या शब्दांत सांगायचं, ते बसमधून उतरून गल्लीत वळेपर्यंत ठरलं नव्हतं.

केशरबाई ओसरीवर चुलीसाठी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या मोडत बसली होती. शालूच्या वडिलांची ती मोठी बहीण. शेतात मजुरी करायची आणि पोरांना पाला द्यायची. दाराबाहेरच्या दोरीवर नवं निळं लुगडं वाऱ्यावर टाकलेलं होतं.

"हे कायले काढलं वो, आत्या?"

"अमरावतीले घालाले. साऱ्या गावाले सांगून ठेवलं म्या, माहा पाला अमरावतीले चालला. जे पाटलीनबाई आधी आमच्या सावलीले दूर राहे, ते काल इचाराले आली, केशरबाई, पाला कसा असते वो."

शालू तिच्याजवळ बसली आणि तिने सगळं सांगितलं. भट्टी, विहीर, सुभद्राबाई, पांढरी खपली. केशरबाईच्या हातातल्या पऱ्हाट्या मोडायच्या थांबल्या.

"म्हनजे माहा पाला खोटा?"

"पाला खोटा नाई. आमची तपासनी खोटी. पाला खरा का खोटा, ते मले अजून माईतच नाई."

"मले माईत हाय."

"तुले माईत हाय. मले नाई."

"किती लेकरं उठवले म्या या पाल्यानं, तुले सांगू?"

"सांग. अन किती नाई उठले तेही सांग."

हे बोलून गेल्यावर शालूला वाटलं, आता आत्या उठून आत जाईल. केशरबाई उठली नाही. ती अंगणाकडे बघत होती.

"अकरा नाई उठले," ती म्हणाली. "नावं सांगू? पयली रुख्मीची मैना. सव्वा वर्साची होती." तिने एकेक नाव सांगितलं. कोणाचं पोर, कोणत्या साली, किती दिवस आजारी होतं. शालूने पिशवीतून वही काढली, आणि केशरबाईने काही न म्हणता जरा सावकाश सांगायला सुरुवात केली.

"तुह्या सरानं हे कवाच इचारलं नाई," सगळं संपल्यावर ती म्हणाली. "त्यानं पाला नेला, बस. अन आटवला म्हनतं तू? म्या कवा आटवला? वाळवला तरी कवा? हिरवा पाला, ताकात वाटाचा अन तसाच द्याचा. उकळला का त्यात काय राहते, नुसतं भुसकट."

शालूचा हात वहीवरच थांबला. दोन महिने ज्या पाल्याची परीक्षा चालली होती, तो पाला आत्याचा नव्हताच. आत्याला कोणी विचारलंच नव्हतं. त्यात ती स्वतःही आली. भाची असून तिनेही विचारलं नव्हतं, कारण विद्यापीठाच्या पुस्तकात आटवायची रीत दिलेली होती, आणि पुस्तक वाचायला मिळावं म्हणून तिच्या घराने काय काय सोसलं होतं ते तिला ठाऊक होतं. त्या पुस्तकावर तिने शंका घेतली नव्हती.

"आत्या, तू अमरावतीले येऊ नको. लोक हासतीन."

"लुगडं काढून ठेवलं हाय," केशरबाई म्हणाली. "खोटं आयकाले आली असती, तं खरं आयकाले काहून नाई येऊ?"

अमरावतीच्या सभागृहात तीसेक माणसं होती. अध्यक्ष महादेवराव म्हणून एक म्हातारे डॉक्टर होते, कानाला कमी ऐकू येणारे. ते हाताचा द्रोण करून पुढे वाकून बसले होते. वामनराव सर आले नव्हते. निळं लुगडं नेसलेली केशरबाई शेवटच्या रांगेत, खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती.

शालूने टेबलावर काचेच्या दोन थाळ्या मांडल्या. एकीत भट्टीचं पाणी आटवलं होतं. ती स्वच्छ होती. दुसरीत विहिरीचं. तिच्या बुडाशी पांढरी खपली होती. वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून तिने त्या आणल्या होत्या.

तिने सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. तीन पाले, तीन सारख्या लाटा, चौथी लाट कोऱ्या पाण्याची. "लेणीपाल्याचा अर्क आतडं शांत करतो, असं आमच्याकडून आपल्याला कळवलं गेलं होतं. ते मी मागे घेते. आतडं पाण्यातल्या क्षारांनी शांत झालं. पाल्याने काय केलं, ते आम्हाला माहीत नाही."

पुढच्या रांगेत एक तरुण डॉक्टर शेजाऱ्याकडे बघून हसला. "म्हणजे बाई, अकोल्याची विहीर खारट आहे, हे सांगायला आपण अमरावतीपर्यंत आलात?"

हशा पिकला. शालूने तो संपू दिला.

"हो," ती म्हणाली. "आणि ते कळायला आम्हाला दोन महिने लागले, कारण बाटलीवर 'शुद्ध पाणी' लिहिलं होतं. तुमच्या दवाखान्यातल्या बाटलीवरही तेच लिहिलेलं असेल. तुम्ही ती शेवटची कधी चाखली?"

तरुण डॉक्टरने पाय आवरून घेतले.

"काय म्हणाल्या?" महादेवरावांनी शेजारच्याला विचारलं. त्याने त्यांच्या कानात सांगितलं. म्हातारे डॉक्टर थोडे मागे टेकले. "मी तर कधीच चाखली नाही," ते मोठ्याने म्हणाले. "बरं, मुली, पाला द्यायचा की नाही, ते सांग."

"नाही. आज नाही."

"मी तं देईन," शेवटच्या रांगेतून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. केशरबाई उभी राहिली नव्हती, पण मानही खाली घातली नव्हती.

"त्या देतील," शालू म्हणाली. "हा पाला त्यांचा आहे. त्यांच्या हातून किती मुलं उठली आणि किती उठली नाहीत, हे त्यांना नावानिशी पाठ आहे. मी लिहून घेतलंय. आपल्यापैकी कोणाला आपला हिशेब असा पाठ असेल तर त्याने त्यांना थांबवावं. मला पाठ नाही, म्हणून मी तपासते आहे. नव्याने, त्या देतात तसा."

"तुमची नेमणूक तर जूनमध्ये संपते ना?" कोणीतरी विचारलं. ही बातमी तिच्याआधीच अमरावतीला पोचली होती.

"आज अठ्ठावीस एप्रिल," शालू म्हणाली, आणि थाळ्या गुंडाळायला लागली.

अर्काच्या बाटल्या दवाखान्यांत गेल्या नाहीत.

सोमवारी सकाळी वामनराव सर प्रयोगशाळेत आले तेव्हा टेबलावर एक नवी वही उघडी होती. पहिल्या पानावर शालूच्या अक्षरात लिहिलं होतं, "भट्टीचे पाणी. पहिली बाटली सुभद्राबाईंसाठी, पिण्यास, खुशालरावांकडे दिली. दुसरी बाटली प्रयोगशाळेस. चाखली. तिसरी बाटली प्रयोगशाळेस. चाखली." खाली तिची सही होती आणि तिच्याखाली खुशालरावांची. ती एकेक अक्षर दाबून काढलेली होती. तिसरी बाटली भरावी म्हणून खुशालराव त्या दिवशी दीड तास लवकर आले होते.

सरांनी ते दोनदा वाचलं. "ही नोंद वर दाखवता येणार नाही."

"नका दाखवू, सर. पण ती खोडायची नाही."

सरांनी खोलीत नजर फिरवली. काळा केलेला नवा कागद ड्रमवर चढला होता. आतड्याचा तुकडा बुडबुड्यांत हलत होता आणि पांढऱ्या लाटा एकामागून एक उमटत होत्या. खिडकीपाशी ओल्या फडक्यात हिरवा पाला होता, त्याच्या शेजारी कापडाने झाकलेलं ताकाचं गाडगं. आणि स्टुलावर, निळ्या लुगड्यात, केशरबाई बसली होती.

सर आपल्या खोलीत गेले. दार मात्र त्यांनी लावून घेतलं नाही.

शालूने गाळलेल्या ताकाचे थेंब नळीत घेतले.

"माहा पाला कवा?" केशरबाईने विचारलं.

"आधी ताक. एकटं. त्याची रेघ कशी येते ते पायतो. मग ताक अन पाला."

"ताकानंच रेघ बसली तं?"

"तं तसं लिहू."

"अन पाल्यानं काईच नाई केलं तं?"

शालूने मान वर केली. "तं तेही लिहू, आत्या. तुह्या नावानिशी."

केशरबाईने लाटांकडे बघितलं, मग भाचीकडे. "किती येळ लागन?"

"लागन तितका."

केशरबाईने स्टूल ड्रमजवळ ओढलं, लुगड्याचा पदर मांडीवर नीट घेतला आणि पांढऱ्या रेघेवर नजर लावली.

"सोड," ती म्हणाली. "बसली मी."